घडीव लोखंडाचे कवच

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या एका प्रशस्त रस्त्यास कस्तुरबा गांधी मार्ग असे नाव आहे. पूर्वी तो कर्झन रोड म्हणून ओळखला जात असे. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे राजधानीत येणाऱ्या कितीतरी मराठी प्रवाशांचा मुक्काम येथे पडतो. येथे उतरलेल्या जिज्ञासू प्रवाशाला घडीव लोखंडाच्या दोन अगदी भिन्न वस्तू फार दूर न जाता पाहता येतात.

त्यांपैकी पहिली वस्तू लहान आहे. कस्तुरबा गांधी मार्ग इंडिया गेटजवळच्या ज्या षट्कोनी चौकास मिळतो, त्याच चौकातून डॉ. झाकिर हुसेन मार्ग निघतो व त्या मार्गावर दिल्लीचे जुने गोल्फचे मैदान लागते. तेथील खेळाडूंच्या झोळीत लोखंडी तोंडाच्या काठ्या असतात. त्यांना खेळाच्या भाषेत ‘आयर्न’ असेच म्हणतात. दुसरी वस्तू प्रचंड आहे. दक्षिणेस सुमारे तेरा-चौदा किलोमीटरांवर मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारात सहा टनांहून अधिक वजनाचा लोहस्तंभ उभा आहे. पहिल्या वस्तूचे आयुष्य काही वर्षांचे. दुसरीने सुमारे सोळाशे पावसाळे पाहिले आहेत. गोल्फच्या काठीवर निष्काळजीपणामुळे एका पावसाळ्यात तांबूस डाग पडतात. स्तंभ मात्र अद्याप धडधाकट आहे. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे लोखंडाच्या रक्षणाचे बहुतेक सर्व शास्त्र हाती येते.

गंज कसा चढतो

लोखंड निसर्गात शुद्ध स्वरूपात क्वचितच सापडते. ते बहुधा ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या खनिजाच्या रूपात असते. माणूस भट्टीत कोळशाची उष्णता खर्च करून तो ऑक्सिजन काढून घेतो व लोखंड मोकळे करतो. परंतु लोखंडाची मूळच्या स्थितीकडे परतण्याची ओढ कायम राहते. गंज म्हणजे लोखंडाचा हा परतीचा प्रवासच होय.

या प्रवासास हवा आणि पाणी या दोहोंची गरज असते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येते. तीन परीक्षानळ्यांत तीन स्वच्छ खिळे ठेवावेत. पहिल्या नळीत पाणी शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड घालून ती बुचाने बंद करावी. दुसरीत उकळून हवा घालविलेले पाणी घेऊन त्यावर तेलाचा थर द्यावा. तिसरीत साधे पाणी खिळा अर्धवट बुडेल इतके घालावे व ती उघडी ठेवावी. काही दिवसांनी पाहिले असता केवळ तिसऱ्या नळीतील खिळा गंजलेला आढळतो. पहिल्या नळीत हवा होती पण पाणी नव्हते. दुसरीत पाणी होते पण हवा नव्हती.

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ यू. आर. एव्हान्स यांनी अभ्यासलेला पाण्याच्या थेंबाचा प्रयोग याहून अधिक बोधप्रद आहे. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, तर काही तासांनी गंज सर्वत्र सारखा न पडता त्याचे कडे तयार झालेले दिसते. थेंबाच्या कडेला हवा सहज पोहोचते, मध्यभागी ती कमी पोहोचते. या फरकामुळे थेंबाखाली एक सूक्ष्म विद्युत्घट निर्माण होतो. मध्यभागी लोखंड विरघळते आणि विरघळलेले लोखंड कडेकडे सरकत असताना वाटेत त्याचा गंज बनतो. म्हणजे गंज जेथे दिसतो तेथेच लोखंड झिजते असे नाही. धातूचा खरा नाश, जेथे हवा कमी पोहोचते अशा आडोशाच्या जागी होत असतो.

पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असेही नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा जमतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. त्यात घामातील वा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मीठ मिसळले तर हा वेग आणखी वाढतो. कोकणातील घरात कोयता लवकर गंजतो आणि मराठवाड्यातील घरात तसाच कोयता पुष्कळ दिवस टिकतो, याचे कारण हेच होय.

घडणे आणि ओतणे

लोखंडाची वस्तू दोन प्रकारांनी तयार करता येते. धातू वितळवून साच्यात ओतावा, किंवा तापवून लाल केलेल्या धातूवर घणाचे घाव घालून त्यास आकार द्यावा. दुसऱ्या रीतीने केलेल्या वस्तूस घडीव म्हणतात. खेड्यातील लोहार ऐरणीवर नांगराचा फाळ करतो, त्याच तत्त्वावर कारखान्यात यांत्रिक घणाखाली व ठशांच्या साहाय्याने गोल्फचे घडीव आयर्न तयार होते.

या कामासाठी बहुधा सौम्य पोलाद वापरतात. त्यात कार्बनचे प्रमाण शेकडा पाव टक्क्याच्या आसपास असते. असे पोलाद मऊ असल्यामुळे काठीच्या तोंडाचा कोन गरजेप्रमाणे थोडासा वाकवून घेता येतो. चेंडूवर आघात होताना हाताला मिळणारी संवेदनाही मृदू असते, असे खेळाडू सांगतात. ओतीव आयर्न बहुधा न गंजणाऱ्या पोलादाचे असते. त्यात क्रोमियम मिसळलेले असल्याने त्याला गंजाची भीती फारशी नसते. सौम्य पोलादात क्रोमियम नसते. ज्या मऊपणासाठी खेळाडू ते पसंत करतो, त्याच मऊपणामुळे त्यावर चरे लवकर पडतात. आणि क्रोमियमच्या अभावी ते गंजतेही. एका गुणाची किंमत दोन दोषांनी द्यावी लागते.

मुलामा आणि ओरखडा

हे दोष झाकण्यासाठी घडीव आयर्नवर प्रथम निकेलचा व त्यावर क्रोमियमचा मुलामा देण्याची पद्धत आहे. अशा मुलाम्यातील क्रोमियमचा थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असू शकतो. त्याखालील निकेलचा थर त्याच्या अनेक पट जाड असतो. हवा व पाणी यांना अडविण्याचे मुख्य काम निकेल करते; क्रोमियम झीज सोसते व चकाकी टिकविते.

मुलामा अखंड असेपर्यंत आतील पोलाद सुरक्षित असते. परंतु आयर्न हे ज्या जगात वावरते ते जग ओरखड्यांनी भरलेले आहे. मैदानावरील वाळूच्या खड्ड्यांत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी ही सौम्य पोलादाहून कितीतरी कठीण असते. झोळीत एक आयर्न दुसऱ्यावर आपटते. क्रोमियम कठीण खरे, पण त्याच्या खालचे पोलाद मऊ. त्यामुळे जोराचा आघात बसला की अंड्याच्या कवचासारखी त्याची गत होते. आतला भाग दबतो आणि वरचा थर तडकतो.

तडकलेल्या जागी जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. पोलाद आणि निकेल हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांस चिकटून असले, म्हणजे त्यांचा विद्युत्घट बनतो व त्यात झीज पोलादाची होते. मुलाम्याचे क्षेत्र मोठे आणि उघड्या पडलेल्या पोलादाचा ठिपका लहान. त्यामुळे झिजण्याचा सारा भार त्या ठिपक्यावर पडतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून मोठे असल्याने तो मुलाम्याच्या खाली पसरून त्यास उचलून धरतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्राभोवती काही दिवसांत फोड आलेला दिसतो, तो असा.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर किंवा बादलीवर ओरखडा पडला तर याच्या उलट घडते. तेथे जस्त स्वतः झिजते आणि उघड्या लोखंडाचे रक्षण करते. निकेल हे भिंतीसारखे आहे. भिंत फुटली की घर उघडे पडते. जस्त हे पहारेकऱ्यासारखे आहे. तो स्वतः घाव झेलतो. वस्तूवर कोणता मुलामा आहे हे ज्यास ठाऊक असते, त्याला तिच्यावरील ओरखड्यास किती भ्यावे हेही कळते.

मेहरौलीचा स्तंभ

आता दुसऱ्या वस्तूकडे वळू. मेहरौलीचा स्तंभ सुमारे ७.२ मीटर लांब असून त्यापैकी सुमारे एक मीटर भाग जमिनीत आहे. त्यावरील संस्कृत लेखात ‘चंद्र’ नावाच्या राजाची स्तुती असून विष्णुपद नावाच्या टेकडीवर हा विष्णुध्वज उभारल्याचे सांगितले आहे. हा राजा म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. यावरून स्तंभाचा काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा शेवट किंवा पाचव्याचा आरंभ हा ठरतो. तो मूळचा दुसरीकडचा असून नंतर मेहरौलीस आणला गेला.

हा स्तंभ ओतलेला नाही, घडविलेला आहे. त्या काळच्या भट्टीत लोणारी कोळशाच्या साहाय्याने खनिजापासून लोखंड काढीत. ते वितळून वाहत नसे, तर मळीमिश्रित सच्छिद्र गोळ्याच्या रूपाने निघे. असे शेकडो गोळे तापवून, ठोकून व एकमेकांस जोडून हा स्तंभ सिद्ध झाला. त्यास कोणताही मुलामा दिलेला नाही. मग तो गंजला का नाही?

१९१२ साली प्रसिद्ध पोलादतज्ज्ञ सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी स्तंभाच्या एका लहान नमुन्याचे पृथक्करण केले. त्यात लोखंड ९९.७२ टक्के, कार्बन केवळ ०.०८ टक्के आणि फॉस्फरस ०.११४ टक्के आढळला. पुढील काळात तपासलेल्या नमुन्यांत फॉस्फरसचे प्रमाण याहूनही अधिक, सरासरीने सुमारे पाव टक्का, निघाले. आजच्या सामान्य पोलादात ते ०.०५ टक्क्याच्या आत ठेवतात, कारण फॉस्फरसमुळे पोलाद ठिसूळ होते. आधुनिक भट्टीत चुनखडी घालतात व ती फॉस्फरस आपल्याबरोबर मळीत ओढून नेते. प्राचीन भारतीय लोहार चुनखडी घालीत नसत. म्हणून फॉस्फरस लोखंडातच राहिला.

दिल्लीची हवाही स्तंभास अनुकूल होती. जे. सी. हडसन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांवरून, दिल्लीच्या हवेत साधे पोलादही इतर अनेक ठिकाणांच्या मानाने सावकाश गंजते, असे दिसून आले. परंतु केवळ कोरड्या हवेने सोळाशे वर्षांचे कोडे सुटत नाही. जमिनीखालचा भाग या बाबतीत पुरेसा बोलका आहे. १९६१ साली तो उकरून तपासण्यात आला तेव्हा त्यावर गंजाचे थर व खड्डे आढळले. म्हणजे हे लोखंड मुळातच न गंजणारे आहे असे नव्हे. एकाच स्तंभाचा हवेतील भाग सुरक्षित राहिला आणि मातीच्या ओलाव्यातील भाग गंजला.

कानपूर येथील भारतीय तंत्रशास्त्र संस्थेचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या कोड्याचे जे उत्तर २००० सालाच्या सुमारास मांडले ते असे: प्रारंभी हे लोखंडही इतर लोखंडाप्रमाणे गंजू लागले. पण गंजत असताना फॉस्फरस धातू व गंज यांच्या सीमेवर साठत गेला. त्याच्या प्रभावाने तेथे मिसावाइट नावाच्या लोहसंयुगाचा एक दाट, एकसंध थर बनला व पुढे त्यालगत लोहाच्या फॉस्फेटचा थरही तयार झाला. ऋतुमानाप्रमाणे आलटून पालटून ओले व कोरडे होण्याने हे थर अधिक घट्ट झाले. सामान्य गंज पोकळ व भुसभुशीत असतो, तो पाणी धरून ठेवतो. हा थर पाण्यास आत येऊ देत नाही. स्तंभाचे रक्षण करणारे कवच हे गंजाचेच एक रूप आहे. जाडीने ते मिलिमीटरच्या अंशाएवढेच आहे.

गोल्फच्या काठीचे कवच आणि स्तंभाचे कवच यांत एक मूलभूत भेद आहे. पहिले बाहेरून चढविलेले आहे, दुसरे आतून आलेले आहे. मुलामा फाटला तर तो आपोआप सांधत नाही. स्तंभाचे कवच खरवडले गेले तर आतील फॉस्फरसच्या आधारे ते कालांतराने पुन्हा बनू शकते. स्तंभाच्या वरच्या भागात तोफेच्या गोळ्याने पडलेला मोठा खोलगट व्रण दिसतो. त्याचा संबंध नादिरशहाच्या १७३९ सालच्या स्वारीशी जोडतात. तेथेही उघड्या पडलेल्या धातूवर नवे कवच चढले आहे.

ज्या मिठीने इजा झाली

तोफेच्या गोळ्याने जे साधले नाही, ते काम प्रेक्षकांच्या प्रेमाने करावयास घेतले होते. स्तंभास पाठ लावून उभे राहावे, हात मागे नेऊन त्यास मिठी मारावी, आणि बोटांस बोटे लागली तर इच्छा सफल होते, असा एक समज रूढ होता. स्तंभाचा व्यास सुमारे ४१ सेंटिमीटर, म्हणजे घेर सुमारे १३० सेंटिमीटर. ही मिठी जमणे अवघडच. तरीही अगणित माणसांनी तो प्रयत्न केला. त्यांच्या पाठीच्या व हातांच्या घर्षणाने माणसाच्या उंचीएवढ्या भागाचा रंग पालटला आणि तो घासलेल्या भांड्यासारखा चकचकीत झाला.

पाहणाऱ्यास ही चकाकी लोखंडाच्या निरोगीपणाची खूण वाटे. वस्तुतः ती कवच नाहीसे झाल्याची खूण होती. प्रत्येक स्पर्शाबरोबर थोडे कवच जाई आणि घामातील मीठ मागे राही. नवे कवच बनते हे खरे. पण ते बनण्यासाठी लोखंडाचाच अंश खर्च होतो, आणि ते पक्के होण्यापूर्वी पुन्हा घासले गेले तर झीज अखंड चालू राहते. अखेर १९९७ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने स्तंभाभोवती कुंपण घातले. तेव्हापासून प्रेक्षक त्यास दुरून पाहतात. सोळा शतके टिकलेल्या लोखंडास कोणत्याही नव्या रसायनापेक्षा एका साध्या कुंपणाची अधिक गरज होती.

निगा कशी राखावी

या सर्व विवेचनाचा उपयोग दैनंदिन व्यवहारात करून घेता येतो. गोल्फचे घडीव आयर्न असो की घरातील विळी, मूळ नियम एकच: पृष्ठभाग अखंड ठेवावा, आणि तो ठेवता आला नाही तर निदान कोरडा ठेवावा.

खेळ संपल्यावर आयर्नच्या तोंडावर चिकटलेली माती व गवत तशीच वाळू देऊ नयेत. मातीखाली ओलावा टिकतो आणि हवा कमी पोहोचते. थेंबाच्या प्रयोगात मध्यभागी जे घडले तेच तेथे घडते. कोमट पाणी व सौम्य साबण घेऊन मऊ कुंचल्याने खाचा साफ कराव्यात. दांडा ज्या खोबणीत बसविलेला असतो तेथे पाणी शिरू देऊ नये. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसावे व हवेत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ज्या आयर्नवर मुलामा नसेल किंवा ज्याच्या मुलाम्यावर चरे पडले असतील, त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब फडक्यावर घेऊन फिरवावा. तेलाचा अगदी पातळ थरही पाण्यास धातूपासून दूर ठेवतो.

एकमेकांवर आपटून चरे पडू नयेत म्हणून झोळीत प्रत्येक आयर्नसाठी निराळा कप्पा असावा किंवा त्याच्या तोंडावर मऊ टोपी घालावी. मात्र ओल्या आयर्नवर टोपी कधीही चढवू नये. ओरखडा टाळण्यासाठी घातलेली टोपीच मग ओलावा कोंडून ठेवते व गंजास घर करून देते. दिल्लीच्या हिवाळ्यात सकाळी गवतावर दव असते, आणि मुंबईत वर्षातील बहुतेक काळ हवा दमट असते. दोन्ही ठिकाणी खेळानंतर आयर्न झोळीतून बाहेर काढून ठेवणे हिताचे होय.

डाग पडलाच तर तो काढताना अधिक इजा होऊ नये. मुलामा नसलेल्या लोखंडावर तेल घालून अगदी बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने घासावे. मुलामा असलेल्या आयर्नवर पोलादी लोकर, राख किंवा वाळू मुळीच वापरू नये. तेथे तेल लावलेले मऊ फडके पुरे. शिरक्यात गंज विरघळतो हे खरे, परंतु शिरका हे आम्ल असल्याने ते चांगले लोखंडही खाते. ते वापरलेच तर वस्तू लगेच भरपूर पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे अवश्य आहे.

यातील बरेचसे ज्ञान मराठी घरांत पूर्वापार चालत आलेले आहे. भाजी चिरून झाली की विळीचे पाते धुऊन लगेच पुसतात. लोखंडी तव्यास व कढईस तेलाचा हात लावून ठेवतात. वापरून काळा पडलेला तवा घासून पांढरा करू नये, असे घरातील जाणती बाई सांगते. कारण तापलेल्या तेलाचा तो काळा थर हे तव्याचे कवच असते. पावसाळ्याखेरीज नांगराची गरज नसेल तेव्हा शेतकरी फाळास तेल लावून तो कोरड्या जागी ठेवतो. स्तंभाच्या कवचाचे रसायन त्यांना ठाऊक नसेल, पण कवच राखावे हा नियम ते पाळीत आले आहेत.

आधुनिक पोलादशास्त्रानेही तो मार्ग धरला आहे. तांबे, क्रोमियम व फॉस्फरस यांचे अल्प प्रमाण असलेले, स्वतःच्या गंजाचेच दाट कवच धारण करणारे पोलाद अमेरिकेत १९३३ साली बाजारात आले. त्याचे पूल व इमारती रंग न देता उघड्या हवेत उभ्या राहतात. अशा पूलावरील तपकिरी थर पाहून कोणी तो खरवडून काढावयास निघेल, तर तो पुलाचे नुकसानच करील.

लोखंड चकाकते म्हणून ते सुरक्षित आणि काळवंडले म्हणून ते नासले, असा समज करून घेणे चुकीचे आहे. ज्या थरामुळे धातू टिकतो तो थर ओळखावा आणि त्यास धक्का लागू देऊ नये. मेहरौलीच्या कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकास स्तंभास हात लावता येत नाही. पण त्याने घरी परतल्यावर आपली विळी पुसून ठेवली, तर त्या स्तंभाने शिकविलेले त्याने आचरणात आणले असे म्हणता येईल.